जाहिरातीतला फोटो कसा तपासावा: रिटचिंग ओळखायची पद्धत

चेहऱ्यात रिटचिंग, म्हणजे फोटो काढल्यावर केलेला फेरफार, झालंय की नाही हे नुसतं बघून कळतं, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते जमत नाही. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या आणि अडोबी कंपनीतल्या संशोधकांनी लोकांना मूळ चेहरे आणि फोटोशॉपच्या ‘फेस-अवेअर लिक्विफाय’ने (फोटोतला भाग ओढून-ढकलून त्याचा आकार बदलणारं टूल) बदललेले चेहरे दाखवले. बदललेला चेहरा ओळखण्याचं प्रमाण निघालं ५३ टक्के, म्हणजे छापा-काट्याहून जेमतेम बरं. त्याच कामासाठी घडवलेल्या प्रोग्रामला ९९ टक्क्यांपर्यंत यश आलं.

म्हणून नजरेवर विसंबू नका, तपासणीचा क्रम ठरवून घ्या. आधी पार्श्वभूमी, मग शरीराची कडा, मग सांधे आणि वळ्या, मग त्वचा. चेहरा सगळ्यात शेवटी, कारण रिटच करणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवलेला असतो.

फोटो कुठला घ्यायचा

कंपनीच्या वेबसाइटवरचा मोठा फोटो किंवा चांगल्या छपाईचं मासिक घ्या. स्क्रीनवर बघणार असाल तर रुंदी किमान २००० पिक्सेल असावी आणि झूम २०० टक्के. मेसेजमधून फिरत आलेला फोटो उपयोगाचा नाही. असा फोटो पाठवताना लहान केला जातो आणि त्यात त्वचेचा बारीक पोत आपोआप निघून जातो. मग ज्याला कुणी हातही लावलेला नाही असा चेहरासुद्धा मेणाचा वाटतो. त्याच जाहिरात मोहिमेतले आणखी दोन-तीन फोटो आणि व्हिडिओ जवळ ठेवा. एकाच व्यक्तीची कंबर दोन फोटोंत वेगळी निघाली, तर पुढची तपासणी सोपी होते.

पार्श्वभूमी आणि कडा

लिक्विफायचा ब्रश गोल असतो आणि त्या गोलात जे येईल ते सगळं सरकतं. कंबर आत ढकलली की कंबरेमागची फरशीची रेघही आत जाते. दाराची चौकट, खिडकीचे गज, पायऱ्या, समुद्राचं क्षितिज अशी सरळ रेघ शोधा आणि स्क्रीनला पट्टी लावून बघा. इथे एक गल्लत हमखास होते. वाइड लेन्समुळेही (जवळूनही मोठा परिसर टिपणारी लेन्स) रेघा वाकतात, पण त्या संपूर्ण लांबीभर सावकाश वाकतात आणि फोटोच्या कडेला जास्त. शरीराला लागून असलेल्या चार बोटांच्या टप्प्यातच रेघ वाकून पुन्हा सरळ होत असेल, तर ते लेन्सचं काम नाही.

स्टुडिओतल्या कोऱ्या पडद्यावर रेघा मिळत नाहीत. तिथे कपडे बघा. पट्टे किंवा चौकडी कंबरेजवळ अचानक अरुंद होतात का? डावी-उजवी बाजू ताडून पाहा, कारण कापडाच्या चुणीनेही पट्टा अरुंद दिसू शकतो. आरसा, पाणी, चकचकीत फरशी किंवा भिंतीवरची सावली असेल तर तिथे जरूर थांबा. दंड बारीक केला, सावलीतला राहिला, असं घाईच्या कामात होतं. क्लोन टूल (फोटोतला एक तुकडा दुसरीकडे उमटवणारं) वापरलं असेल तर तीच पानं किंवा केसांची तीच बट थोड्या अंतरावर पुन्हा दिसते.

सांधे आणि वळ्या

काखेतली घडी, मान वळवल्यावर पडणारी तिरकी रेघ, हात सरळ ताणल्यावर कोपराशी गोळा होणारी कातडी, बोटांच्या पेरांवरच्या रेषा, घट्ट इलॅस्टिकखाली दबलेली त्वचा, हे सगळं जागच्या जागी आहे का ते बघा. माणूस कितीही सडपातळ असो, वाकल्यावर किंवा बसल्यावर कातडी कुठेतरी जमा होते. पुढे झुकून बसलेल्या मॉडेलच्या पोटावर एकही वळी नसेल, तर ती पुसली असण्याची शक्यता दाट आहे. हे काम पोहण्याच्या आणि आतल्या कपड्यांच्या जाहिरातींत फार चालतं आणि वाईट परिणामही इथलाच जास्त, कारण बघणाऱ्याला आपल्या अंगाची साधी वळीही दोष वाटायला लागते.

त्वचा

खऱ्या चेहऱ्यावर एकसारखा पोत कुठेच नसतो. नाकाच्या शेंड्यावर रंध्रं ठळक, कपाळावर बारीक आडव्या रेषा, डोळ्यांखाली नाजूक जाळी, ओठांवर उभ्या खाचा, आणि बाजूने प्रकाश पडला की जबड्यावर पांढुरकी लव. स्वस्तातलं रिटचिंग हे सगळं धूसर करतं. तिथे गाल मेणासारखा आणि त्याच्या मधोमध भुवयांचा केस न् केस धारदार, अशी विसंगती लगेच दिसते.

व्यावसायिक काम वेगळं. त्यातली एक पद्धत म्हणजे फ्रिक्वेन्सी सेपरेशन. फोटोचे दोन लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर, करतात. खालचा काही पिक्सेलने धूसर केलेला, त्यात फक्त रंग आणि छाया. वरच्यात रंध्रं, केस, रेषा. मग खालचा लेअर सपाट करत जायचं. काळी वर्तुळं आणि लालसर डाग जातात, रंध्रं जशीच्या तशी राहतात. त्यामुळे ‘रंध्रं दिसतायत, म्हणजे फोटो खरा’ हा निष्कर्ष चुकतो. रंध्रांऐवजी रंग बघा. खऱ्या चेहऱ्यात नाकपुडीच्या कडा आणि कान लालसर असतात, पापण्या आणि ओठांभोवतीची त्वचा गडद असते, गळ्याचा रंग गालापेक्षा वेगळा असतो. सगळा चेहरा एकाच छटेत असेल तर मेकअप, रिटचिंग किंवा दोन्ही.

दुसरी पद्धत डॉज अँड बर्न. राखाडी लेअरवर एक-दोन टक्के फ्लोचा, म्हणजे अगदी हलका उमटणारा, ब्रश घेऊन एकेक बारीक सावली उजळायची किंवा गडद करायची. याला तासन् तास लागतात आणि नीट केलेलं काम फोटोवरून पकडता येत नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं. अशा वेळी हात बघा. चेहरा पंचविशीचा आणि त्याच फोटोतल्या बोटांची पेरं पन्नाशीची, असं सापडतं.

डोळ्यांसाठी एक माप पुरतं. प्रौढ माणसाच्या बुबुळाचा रंगीत गोल सुमारे १२ मिलिमीटर असतो आणि डोळ्याची फट सुमारे ३० मिलिमीटर. समोर बघणाऱ्या डोळ्यात हे प्रमाण साधारण पाचास दोन येतं. निम्म्याच्या आसपास गेलं तर बुबुळ मोठं केलंय किंवा मोठ्या गोलाची कॉन्टॅक्ट लेन्स आहे.

कॅमेऱ्यासमोरच झालेले बदल

इथे रिटचिंगचा पुरावा मिळणार नाही, कारण रिटचिंग झालेलंच नसतं. चेहऱ्याजवळ मोठा मऊ दिवा ठेवला की पुटकुळीची सावली पडत नाही. हनुवटीखाली पांढरा रिफ्लेक्टर धरला की डोळ्यांखालची वर्तुळं निम्मी जातात. कॅमेरा कंबरेच्या उंचीवर, लेन्स वाइड आणि पावलं फोटोच्या खालच्या कडेला, की पाय लांब होतात. पाठीमागे क्लिपा लावून कपडा अंगाला बसवलेला असतो, केसांत वरून जोडलेल्या बटा असतात. आणि शेकडो फोटोंतून एक निवडलेला असतो.

अंतराचा परिणाम तर सगळ्यांनी समजून घ्यावा असा आहे. ३० सेंटीमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं आणि दीड मीटरवरून हा फरक जवळजवळ उरत नाही, असं गणित २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मांडलं. जाहिरातीतला चेहरा दूरवरून, ८५ किंवा १०५ मिलिमीटरच्या लेन्सने टिपलेला असतो. त्याची तुलना हातभर अंतरावरच्या सेल्फीशी करणं मुळातच चूक आहे.

स्वतः करून बघा, पण हातावर

हे एकदा हाताने केलं की नजर बदलते. मुलांबरोबर करायचं असेल तर त्यांचा चेहरा घेऊ नका. दोष शोधायची सवय आपणच लावल्यासारखं होईल. खिडकीच्या उजेडात तळहात पालथा ठेवून फोटो काढा आणि गिम्प किंवा फोटोपी या फोटो बदलायच्या साधनांपैकी एकात उघडा. दोन्ही फुकट आहेत.

१. लेअरची प्रत करा. मूळ लेअरला हात लावू नका.
२. हीलिंग ब्रश (शेजारच्या त्वचेचा पोत वापरून डाग झाकणारा) घ्या, आकार डागापेक्षा किंचित मोठा. ब्रश फार मोठा घेतला तर शेजारचा पोत ओढला जाऊन धब्बा पडतो.
३. एका बोटाच्या पेरावरच्या रेषा पुसा, बाकीची बोटं तशीच ठेवा.
४. लिक्विफाय किंवा वॉर्प टूलने तेच बोट दोन्ही बाजूंनी आत ढकला. ब्रश बोटाच्या दुप्पट रुंद, जोर कमी.
५. वरचा लेअर बंद-चालू करा.

रेषा पुसलेलं बोट बाहुलीचं दिसतं, कारण बोट वाकायला लागणारी जास्तीची कातडी त्या रेषांतच असते. आधी नकोशी वाटलेली तीच रेष आता परत हवीशी वाटते.

मेटाडेटा आणि तपासणीची साधनं

फोटोच्या फाइलसोबत साठवलेल्या माहितीत (मेटाडेटा) सॉफ्टवेअरचं नाव दिसलं तर फोटो त्यात उघडून सेव्ह झाला एवढंच कळतं. फक्त कडा कापली असली तरी तेच दिसेल. माहिती कोरी असणं हाही पुरावा नाही, अनेक साइट ती काढून टाकतात. ‘एरर लेव्हल अ‍ॅनालिसिस’ (फोटो पुन्हा सेव्ह करून कुठला भाग वेगळा बदलतो ते चमकवून दाखवणारी तपासणी) वेबसाइटवरच्या, पुन्हा पुन्हा सेव्ह झालेल्या जेपेगवर भरवशाचं नाही. ठळक कडा तर त्यात एरवीही चमकतात. त्यावरून कुणावर आरोप करू नका.

लेबल काय सांगतं आणि काय नाही

फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड केलेल्या जाहिरातीवर ‘रिटच केलेला फोटो’ असं लिहावं लागतं. तिथे त्वचा आणि केसांचे बदल त्यात येत नाहीत. नॉर्वेत १ जुलै २०२२ पासून शरीराचा आकार, आकारमान किंवा त्वचा बदलली तर लेबल लागतं. दिवे, क्लिपा, लेन्स यांना कुठलंच लेबल नाही. आणि लेबल वाचून मनावरचा परिणाम कमी होतो असं बहुतेक अभ्यासांत आढळलेलं नाही. नेमका कोणता अवयव बदललाय हे लिहिलं की नजर उलट तिथेच जाते. म्हणून घरात किंवा वर्गात ‘हा फोटो खोटा आहे’ एवढं सांगून थांबू नका. ‘काय पुसलंय, आणि ते पुसल्याने काय विकलं जातंय?’ हे विचारा. एखादं मूल आरशापासून हलेनासं झालं, जेवण टाळू लागलं किंवा फोटोत यायला घाबरू लागलं, तर गप्पांवर भागवू नका, डॉक्टरांचा सल्ला घ्या.

तक्रार करायची असेल तर

‘शरीर अवास्तव आहे’ ही तक्रार सहसा टिकत नाही. ‘उत्पादनाचा परिणाम फोटोत फुगवून दाखवलाय’ ही टिकू शकते. २०११ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने लाँकोम आणि मेबेलीन यांच्या फाउंडेशनच्या जाहिराती याच मुद्द्यावर थांबवल्या. दिसणारा परिणाम रिटचिंगने वाढवलेला नाही, हे कंपनीला दाखवता आलं नव्हतं.

तक्रारीत जाहिरातीचा पूर्ण स्क्रीनशॉट, तारीख आणि लिंक द्या, दाव्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवा. फोटोतला नेमका भाग दाखवा: ‘सुरकुत्या कमी होतात असं लिहिलंय आणि डोळ्यांखाली एकही रेष नाही.’ फोटोशॉप वापरलं असं ठामपणे म्हणू नका. मूळ, न बदललेला फोटो कंपनीकडून मागवावा, अशी विनंती करा. पुरावा देण्याची जबाबदारी उत्पादनाबद्दल दावा करणाऱ्या कंपनीची असते.