शिंजीरचं घरटं पाहताय? या चुका टाळा

वेलीला पालापाचोळा लटकलाय, म्हणून ओढून टाकायला हात पुढे करावा आणि त्यातूनच एक बारीक, वाकडी चोच बाहेर डोकवावी. शिंजीर म्हणजे सनबर्ड, फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी. त्याच्या घरट्याची ओळख अनेकांना अशीच होते, कारण ते दिसतंच कचऱ्यासारखं. गवताच्या काड्या, सालींचे तुकडे, वाळकी पानं, अगदी अळ्यांची विष्ठासुद्धा कोळ्याच्या जाळ्याने चिकटवून मादी लांबट पिशवी टांगते. त्यामुळे बाग साफ करताना लटकणाऱ्या गोष्टीला हात लावण्याआधी दहा मिनिटं लांब उभं राहून बघा. घरटं असेल तर पक्षी फेऱ्या मारतोच.

जळमटं झटकून टाकणं ही दुसरी चूक. ती जाळी म्हणजे या घरट्याचा दोरा आणि डिंक. जेमतेम 10 सेंटिमीटरचा हा जीव चोचीला मिशांसारखी जाळी चिकटवून येतो, तो धागा फांदीभोवती गुंडाळतो, मग दाबून दाबून बसवतो. जाळं ताणलं जातं, म्हणूनच वाऱ्यात घरटं झोके घेतं पण तुटून पडत नाही. दाराच्या वर छोटासा छज्जा आणि आत हवेत उडणाऱ्या बियांच्या म्हातारीसारख्या मऊ तंतूंचं अस्तर. मदत म्हणून दोऱ्याचे तुकडे, केस किंवा नायलॉन मात्र ठेवू नका. पिल्लांच्या पायात ते अडकतात आणि सुटत नाहीत.

आता माझी स्वतःची चूक सांगते. फोटो नीट यावा म्हणून मी अर्धवट घरट्यासमोरच्या दोन डहाळ्या छाटल्या. दुसऱ्या दिवशी मादी आली, चोचीत कापूस होता, शेजारच्या फांदीवर थोडा वेळ बसली आणि उडून गेली. परत आली नाही. ती पिशवी तशीच अर्धी राहिली. याची खंत मला अजून आहे. बांधकाम चालू असताना आणि अंडी नुकतीच घातलेली असताना या पक्ष्याला जागा सोडून जाणं सोपं असतं, म्हणून त्या दिवसांत सगळ्यात जास्त जपायचं. शिवाय ती पानं म्हणजे ऊन आणि कावळा या दोघांपासूनचा आडोसा. दुर्बीण घ्या, पाच-सहा मीटर मागे सरका, फ्लॅश बंद ठेवा.

"नर काहीच करत नाही, जोडी तुटली का?" हा प्रश्न नेहमी येतो. नाही. घरटं बांधणं आणि अंडी उबवणं हे काम मादीचंच. काळा-जांभळा चमकणारा नर जवळपास गात असतो आणि पिल्लं झाली की भरवायला येतो. अंडी बहुधा दोन, उबवणं साधारण 15 दिवस. मादी दिसेनाशी झाली म्हणून आत बोट घालू नका. दारातून चोचीचं टोक दिसतंय का, तेवढंच बघा.

फुलांतला मध पिणारा पक्षी म्हणून पिल्लांना साखरपाणी पाजायचा मोह होतो. तो आवरा. पिल्लं वाढतात ती किडे आणि कोळ्यांवर, त्यामुळे या काळात झाडांवर कीटकनाशक मारू नका.

पिल्लं मोठी झाली की घरट्याजवळ गडबड केल्याने ती वेळेआधीच उडी मारतात. खाली पडलेल्या पिल्लाला पिसं नसतील तर अलगद उचलून घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते, हा निव्वळ गैरसमज आहे. पिसं आलेली असतील आणि ते टुणटुण उड्या मारत असेल तर घरात नेऊ नका. मांजर, कुत्रा आत बांधा, पिल्लू जवळच्या झुडपात ठेवा आणि बाजूला व्हा. थोड्या वेळात आई-बाप त्याला तिथेच भरवायला येतात.