मरणाची भीती वाटते? वाचून जात नाही, हे रोज करून बघा

रात्री दोनला जाग येते, छातीत धडधडतं आणि डोक्यात एकच, की एक दिवस मी नसणार. ज्याला हे झालंय त्यालाच कळतं. वडील गेल्यानंतर मला जवळपास वर्षभर असं व्हायचं. जो तो सांगायचा, आत्मा अमर आहे रे, कशाला टेन्शन घेतोस, आणि दिवसा ते पटायचं पण रात्री परत तेच. मग हळूहळू लक्षात आलं की ही भीती वाचून जाणारी नाही, रोज थोडी थोडी सैल करावी लागते. मला ज्याने फरक पडला ते सांगतो.

आधी एक गोष्ट, भीती वाटते म्हणून आपली श्रद्धा कच्ची आहे असं अजिबात समजू नका. पतंजलींनी योगसूत्रात पाच क्लेश, म्हणजे दुःखाची मुळं सांगितलीत, अविद्या (अज्ञान), अस्मिता (मीपणा), राग (इथे चिडणं नव्हे, आसक्ती), द्वेष आणि शेवटचा अभिनिवेश, म्हणजे जगण्याला चिकटून राहणं, आणि त्याच सूत्रात 'विदुषोऽपि' असा शब्द टाकलाय, म्हणजे जाणत्या माणसालाही हा सुटलेला नाही. योगसूत्रांवरच्या जुन्या टीकेत, व्यासभाष्यात, तर म्हटलंय की नुकत्याच जन्मलेल्या किड्यालाही ही भीती असते. हे वाचलं तेव्हा मला खरंच हायसं वाटलं होतं.

आता वही घ्या आणि लिहा की भीती नेमकी कशाची आहे. मरणाची भीती म्हणतो ती एक नसते, तीन-चार भीत्या एकात एक गुंतलेल्या असतात. एक यातनांची, एक मागे राहणाऱ्यांचं काय होईल याची, आणि एक अगदी खोलवरची, 'मी'च संपणार याची. यातल्या पहिल्या दोघींवर पोथी वाचून उपयोग नाही हे मी स्पष्ट सांगतो. मुलांची काळजी असेल तर मृत्युपत्र करा, बँकेत नॉमिनी लावा, कागद कुठे ठेवलेत ते घरात सांगा. दुखण्याची भीती असेल तर डॉक्टरांशी बोला, शेवटच्या आजारात वेदना कमी करण्याचे उपचार असतात. आणि रोज रात्री धाप लागत असेल, झोपच उडाली असेल तर आधी डॉक्टर, नामस्मरण त्याच्या जोडीला. खूप जण इथे गल्लत करतात, व्यवहाराची भीती अध्यात्माने मिटवायला जातात आणि मग म्हणतात देवाचं करून पण काही फरक नाही.

उरली तिसरी, मी संपणार ही. हिच्यासाठी सगळे गीतेतला जुन्या कपड्यांचा श्लोक सांगतात, पण मला त्याच्या आधीचा, दुसऱ्या अध्यायातला १३वा जास्त कामाचा वाटतो, कारण तो आपल्या अनुभवातला आहे. याच देहात बालपण, तारुण्य, म्हातारपण येतं तसाच पुढचा देह येतो, असं तिथे म्हटलंय. करून बघा, लहानपणीचा एक फोटो काढा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. ते पोर कुठे गेलं? ते शरीर नाही, ते हट्ट नाहीत, ते दात पण नाहीत, तरी तुम्ही म्हणता 'हा मीच'. त्या पोराच्या जाण्याला कुणी रडलं नाही, कारण कुणी गेलंच नव्हतं. मग हा जो 'मीच' म्हणणारा आहे तो फोटोत पण होता आणि आत्ता पण आहे, त्याच्याकडे लक्ष न्या. उत्तर शोधायची घाई नको. कठोपनिषदात नचिकेता नावाचा मुलगा यमाच्या दारात तीन रात्री उपाशी थांबला आणि मेल्यावर माणूस असतो की नसतो हे त्याने थेट यमालाच विचारलं, यम म्हणाला दुसरं काहीही माग, शंभर वर्षं जगणारी मुलं-नातवंडं माग, हत्ती-घोडे माग, सोनं माग, पण पोरगं हललं नाही. आपण काय करतो, विचार आला की लगेच मोबाईल उचलतो. तर विचार आल्यावर पळायचं नाही, दहा मिनिटं त्याच्यासोबत बसायचं, एवढं जरी जमलं तरी खूप आहे.

आता रात्रीचं, आणि मला सगळ्यात जास्त गुण याचाच आलाय. मांडुक्य उपनिषदात जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती अशा अवस्था सांगितल्यात. गाढ झोपेत तुमचं नाव, घर, नोकरी, नाती, शरीर काही म्हणजे काही उरत नाही आणि तरी रोज रात्री आपण तिथे आनंदाने जातो, उलट झोप नाही लागली तर कासावीस होतो! सकाळी उठून म्हणतो छान झोप लागली, म्हणजे ते छान कुणीतरी अनुभवलं ना. म्हणून अंथरुणावर पडलं की फोन लांब ठेवा, श्वास संथ होऊ द्या आणि एकेक गोष्ट नाव घेऊन खाली ठेवा, आजचं काम ठेवलं, आजचं भांडण ठेवलं, मुलांची काळजी ठेवली, माझं नाव ठेवलं, शरीर ठेवलं. मग जे नाम तुमचं असेल ते घेत झोपा. पहिले आठ-दहा दिवस काहीच वाटणार नाही, भांडण तर ठेवताच येत नाही असं दिसेल, तरी करत राहा.

महामृत्युंजय मंत्राचं पण हेच आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातला हा मंत्र लोक मरण टळावं म्हणून म्हणतात, माझा त्याला विरोध नाही, पण त्यातली उपमा बघा, 'उर्वारुकमिव बन्धनात्', पिकलेलं वाळूक देठापासून सुटतं तसं मला मृत्यूच्या बंधनातून सोडव. पिकलं की ओढावं लागत नाही, आपोआप सुटतं, कच्चं तोडलं की देठ फाटतो. आपली पकड हाच तो देठ, म्हणून आठवड्याला एक तरी गोष्ट सोडून बघा, जुना राग, एखादा हट्ट, 'माझंच खरं' हे.

आणि नाम रोजचं हवं, शेवटी आठवेल या भरवशावर राहू नका. गीतेच्या आठव्या अध्यायात सांगितलंय की अंतकाळी जे स्मरतो त्यालाच माणूस जातो, आणि लगेच पुढच्या श्लोकात भगवंत म्हणतात, म्हणून सर्व काळ माझं स्मरण कर आणि युद्ध पण कर. म्हणजे कामं सोडायची नाहीत. रांगेत उभे असाल, भांडी घासत असाल, तेव्हाच घ्या. तुकोबांनी 'आपुले मरण पाहिले म्यां डोळां । तो जाला सोहळा अनुपम्य' हे जिवंतपणी म्हटलंय, मला ते रोज थोडं थोडं सोडण्याचंच फळ वाटतं.

शेवटचं, हे सगळं शिकलात तरी ज्याच्या घरात नुकतंच कुणी गेलंय किंवा जो स्वतः शेवटच्या आजारात आहे त्याला लगेच सांगायला जाऊ नका. मी हे चुकलोय. वडिलांच्या उशाशी बसून मी श्लोकांचे अर्थ सांगत होतो आणि त्यांना फक्त हात धरून बसलेला मुलगा हवा होता, ते मला दोन दिवसांनी कळलं. कृष्णाने अर्जुनाला आत्म्याचं सांगितलं ते कधी, तर अर्जुन स्वतः म्हणाला मी तुझा शिष्य आहे, मला सांग, त्याच्यानंतर. त्याआधी भगवंत 'हा दुबळेपणा सोड, ऊठ' एवढंच म्हणाले होते, आत्म्याचं काही बोलले नव्हते. तेव्हा पाणी विचारा, पाय चेपून द्या, त्यांना आवडणारं नाम हळू आवाजात घ्या, आणि त्यांनी विचारलं तरच बोला.