कोकणची पूर्वसीमा नकाशावर कशी काढायची

२०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं, तेव्हापासून शिकवणीला येणाऱ्या प्रत्येक मुलाकडून मी हे करून घेतो. आपल्या अंगणात शिरणारं पाणी कुठल्या डोंगरावर पडतं, हे ठाऊक हवंच.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे घ्या. सोबत एक निळी आणि एक लाल पेन्सिल. पश्चिमेला समुद्र आहेच, तिथे काही ठरवायचं नाही. दाभोळच्या खाडीतून आत शिरा, वाशिष्ठी नदी धरा आणि तिला मिळणारी प्रत्येक नदी, वहाळ, पऱ्या उगमापर्यंत निळा करत जा. खलाटीत, म्हणजे किनाऱ्यालगतच्या सखल पट्टीत, हे भराभर होतं. वलाटीत, म्हणजे डोंगराकडच्या चढ्या भागात, तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दाटत जातात आणि कड्यापाशी एकमेकींना चिकटतात. इथे घाई करू नका. रेषा टोकदार वळली, की टोक कुठे आहे ते बघा: चढाकडे असेल तर तिथे पाण्याची वाट, उताराकडे असेल तर डोंगराची सोंड.

मग तसंच कोयनेच्या बाजूने वर या. दोन्हीकडचे निळे फाटे संपतात, त्यांच्या मधल्या डोंगरधारेवरून लाल रेषा ओढा. हीच कोकणची पूर्वसीमा. लाल रेषा निळीला कुठेही छेदता कामा नये. छेदली तर खोडा.

पावसाळ्यात कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर जाऊन ताडून बघा. अलीकडचं पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्रात जातं. पलीकडचं कोयनेत, कराडला कृष्णेत आणि थेट बंगालच्या उपसागरात.

जिल्ह्याच्या हद्दीवर मात्र विसंबू नका. आंबोली सिंधुदुर्गात, पण तिथे उगवणारी हिरण्यकेशी पूर्वेला घटप्रभेकडे जाते. महाबळेश्वर साताऱ्यात, आणि तिथली सावित्री कोकणात उतरून बाणकोटला समुद्राला मिळते. दोन्ही ठिकाणी पाण्याचं ऐका.

शेवटी एक गोष्ट वेगळी दाखवावी लागते, कारण ती माणसाने केलेली आहे. कोयना धरणातलं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून येतं, पोफळीला त्याच्यावर वीज होते आणि पुढे ते वाशिष्ठीत पडतं. म्हणजे लाल रेषेच्या पलीकडचा पाऊस अलीकडे येतो. ही वाट तुटक निळ्या रेषेने काढा. नाहीतर भर मे महिन्यात वाशिष्ठीला पाणी कुठून, हे तुमच्या नकाशावरून कुणालाच कळणार नाही.