प्रोजेक्टच्या साइटवर पोस्ट पाठवताय? या चुका टाळा

ओपन सोर्समध्ये थेट कोड पाठवायचा धीर होत नाही म्हणून बरेच जण प्रोजेक्टच्या साइटसाठी एखादी पोस्ट लिहून सुरुवात करतात, आणि खरंच ही फार चांगली सुरुवात आहे, कारण समजेल असं लिहिणारी माणसं प्रोजेक्टला कायम कमीच पडतात. पण मग ती पोस्ट पुल रिक्वेस्टमध्ये (‘माझा बदल घ्या’ अशा विनंतीत) महिनोन्‌महिने पडून राहते, किंवा मर्ज होऊनही (प्रोजेक्टमध्ये घेतली जाऊनही) साइटवर दिसतच नाही, आणि लिहिणारा परत तिकडे फिरकत नाही. बहुतेक वेळा लेखनात काही खोट नसते हो. पोस्ट कोडच्याच वाटेने आत जाते, रेपो (प्रोजेक्टच्या फाइलींचा साठा), ब्रँच (त्याची कामापुरती वेगळी शाखा), बिल्ड (फाइलींतून साइट तयार होणं), रिव्ह्यू सगळं तसंच, आणि घोळ तिथे होतो.

न विचारता पूर्ण पोस्ट लिहून टाकणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. आधी इश्यू (प्रोजेक्टच्या रेपोवरची चर्चेची नोंद) उघडा किंवा प्रोजेक्टच्या चॅटवर चार ओळी टाका: विषय काय, कोणासाठी लिहितोय, सॉफ्टवेअरची कुठली व्हर्जन, साधारण कधीपर्यंत देणार. एवढ्यावरच कोणीतरी सांगतं की हा विषय आधी येऊन गेलाय, किंवा पुढच्या रिलीजमध्ये हे फीचरच बदलणार आहे, थोडं थांबा. प्रत्येक प्रोजेक्टचे नियमही वेगळे असतात. कुबरनेटीस या ओपन सोर्स प्रोजेक्टच्या साइटवर कंपनीच्या प्रॉडक्टची जाहिरात वाटेल असं काही चालत नाही. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचे तर दोन वेगळे ब्लॉग आहेत, मुख्य ब्लॉगवर सगळ्यांसाठीच्या घोषणा आणि ‘इनसाइड रस्ट’वर टीमच्या आतल्या कामाच्या गोष्टी, त्यामुळे आपला मजकूर कुठे बसतो (किंवा बसतो का) हे आधीच बघायला हवं. रेपोमधली ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ नावाची फाइल दहा मिनिटं देऊन नीट वाचा, मी तर म्हणेन शेवटच्या दोन-तीन मर्ज झालेल्या पोस्टच्या पुल रिक्वेस्टही वाचा, रिव्ह्यूअर नक्की कशावर अडतात ते तिथेच कळतं.

फ्रंट मॅटरमधल्या बारीक गोष्टी

फाइलच्या डोक्यावर शीर्षक, तारीख, लेखक असा जो भाग असतो तो फ्रंट मॅटर, आणि तो बऱ्याचदा यामल या सेटिंग लिहायच्या फॉरमॅटमध्ये असतो. जुनी पोस्ट कॉपी करून त्यावर लिहिणं चांगलंच, पण जुनी तारीख, जुना लेखक, जुनी पर्मालिंक (पोस्टचा कायमचा पत्ता) तशीच राहते आणि मग दोन पोस्ट एकाच पत्त्यावर भांडत बसतात.

दुसरं म्हणजे कोलन. शीर्षक समजा असं दिलं, ‘मेमरी समजून घ्या: भाग २’, आणि भोवती अवतरणचिन्हं टाकली नाहीत, तर कोलन आणि त्यापुढची स्पेस बघून यामलला वाटतं की इथे नवीन ‘की’ (म्हणजे नवीन नोंदीचं नाव) सुरू झाली, आणि बिल्ड ‘मॅपिंग व्हॅल्यूज आर नॉट अलाउड’ असं काहीतरी म्हणून पडतो. पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत घाला, झालं. इंडेंटेशनला टॅबही चालत नाही, स्पेसच लागतात. आणि पोस्ट वर्ड प्रोसेसरमध्ये लिहून पेस्ट करू नका, तो सरळ अवतरणचिन्हं गोल करून टाकतो, दोन डॅशचा एक लांब डॅश करतो, आणि मग वाचकाने तुमची कमांड कॉपी केली की ती चालत नाही. असली चूक रिव्ह्यूमध्येही पटकन दिसत नाही.

‘माझ्याकडे दिसते, साइटवर नाही’

ही तक्रार इतक्या वेळा येते की यावर जरा थांबून बोलूया. सगळ्यात आधी बिल्डचा लॉग उघडा, तिथे लाल काही नसेल तर पुढचं तपासा. जेकिल आणि ह्यूगो ही अशा फाइलींतून साइट बनवणारी सॉफ्टवेअर. जेकिलमध्ये पोस्टच्या फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस-शीर्षक याच क्रमात लागतं, दिवस आधी लिहिला की जेकिल त्या फाइलला पोस्ट धरतच नाही, आणि बऱ्याचदा एररही देत नाही. ह्यूगोमध्ये फ्रंट मॅटरमधलं ‘ड्राफ्ट’ ट्रू राहून गेलेलं असतं. तुम्ही लोकल सर्व्हर ड्राफ्ट दाखवायच्या फ्लॅगने (कमांडला जोडायच्या पर्यायाने) चालवत होतात म्हणून तुम्हाला दिसत होतं, खऱ्या बिल्डमध्ये तो फ्लॅग नसतो.

मग तारीख. जेकिल आणि ह्यूगो दोन्ही पुढच्या तारखेची पोस्ट सांगितल्याशिवाय बिल्ड करत नाहीत. इथे टाइमझोन चांगलाच गंडवतो: तुमचं घड्याळ युटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) पुढे असेल आणि तुम्ही आजची सकाळची वेळ टाकलीत, पण टाइमझोनचा ऑफसेट (युटीसीपासूनचा फरक) दिला नाहीत, तर युटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरसाठी ती वेळ अजून आलेलीच नसते, आणि बिल्ड होऊन गेल्यावर ती वेळ आली तरी पोस्ट आपोआप उगवत नाही, पुन्हा बिल्ड व्हावा लागतो. म्हणून ऑफसेटसकट वेळ लिहा.

पोस्ट दिसते पण मधला तुकडा गायब, असंही होतं. जेकिलमध्ये कोडच्या उदाहरणात दुहेरी महिरपी कंस असतील तर लिक्विड (जेकिलची टेम्प्लेट भाषा) ते स्वतःसाठीच आहेत असं समजून गिळून टाकतं, तो भाग ‘रॉ’ टॅगमध्ये ठेवायचा. ह्यूगोमध्ये मार्कडाउनच्या (पोस्ट लिहायच्या साध्या खुणांच्या भाषेच्या) मध्येच लिहिलेलं एचटीएमएल डीफॉल्ट सेटिंगला वगळलं जातं, पेजचा सोर्स उघडलात तर त्या जागी ‘रॉ एचटीएमएल ओमिटेड’ अशी कॉमेंट सापडेल. साइटची सेटिंग बदला म्हणून भांडू नका, त्या प्रोजेक्टचा शॉर्टकोड (ह्यूगोमधला तयार तुकडा) वापरा.

चित्रं

मॅक आणि विंडोजवर साधारणपणे फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल बघितलं जात नाही, लिनक्सवर बघितलं जातं, आणि साइट बहुतेक लिनक्सवरच बिल्ड होते, म्हणून नाव तंतोतंत जुळलं नाही तर तुमच्याकडे दिसणारं चित्र साइटवर दिसत नाही. नावं सगळी स्मॉलमध्ये, स्पेस न टाकता. मोठी चित्रं कमिट करायच्या (बदल नोंदवायच्या) आधीच लहान करा, कारण पुढच्या कमिटमध्ये डिलीट केलीत तरी ब्रँच तशीच मर्ज झाली तर ती गिटच्या (बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) हिस्टरीत राहतात आणि रेपो क्लोन (कॉपी) करणाऱ्या प्रत्येकाला ते ओझं ओढावं लागतं. कोडचा स्क्रीनशॉट तर नकोच, तो कॉपी करता येत नाही, स्क्रीन रीडरला वाचता येत नाही.

आणि टर्मिनलच्या स्क्रीनशॉटमध्ये टोकन (पासवर्डसारखी गुप्त चावी) किंवा पासवर्ड गेला असेल तर फोर्स पुश करून (जुन्या कमिटच्या जागी नवे चढवून) निश्चिंत होऊ नका, आधी ते टोकन रद्द करा. पब्लिक झालेली गोष्ट कोणीतरी बघितली असंच धरून चालायचं.

सही आणि रिव्ह्यू

पुल रिक्वेस्टवर डीसीओचा (डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन) चेक लाल दिसला की लोक घाबरतात. ही पद्धत २००४ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामातून आली, अर्थ एवढाच की हा मजकूर द्यायचा हक्क मला आहे असं तुम्ही कमिटवर सही करून सांगताय. एकच कमिट असेल तर तो अमेंड करून (सुधारून) साइन-ऑफ, म्हणजे ही सही, जोडा आणि फोर्स पुश करा. काही प्रोजेक्ट सीएलए (योगदान देणाऱ्याने करायचा लायसन्सचा करार) मागतात, तिथे कमिटमधला ईमेल आणि खात्यावरचा ईमेल वेगळा असला की चेक अडकतो, आणि पोस्ट कंपनीच्या वेळेत लिहिली असेल तर कंपनीला आधी विचारा.

फोर्कच्या (रेपोच्या तुमच्या खात्यावरच्या कॉपीच्या) मेन ब्रँचवर काम करू नका, वेगळी ब्रँच काढा, नाहीतर दुसरी पोस्ट पाठवायच्या वेळी पहिलीचे कमिट मागे लागतात. रिव्ह्यू आल्यावर ती पुल रिक्वेस्ट बंद करून नवीन उघडणंही चूकच, आधीची सगळी चर्चा मागे राहते. एखादी सूचना पटली नाही तर कारण लिहा, गप्प राहू नका. उत्तरच आलं नाही तर आठवड्याभराने नम्रपणे एक आठवण करा, समोरची माणसं बहुतेक फावल्या वेळात हे काम करतात.

पोस्ट लागल्यानंतर

फाइलचं नाव बदलायचा मोह टाळा. जेकिलमध्ये सहसा त्यावरूनच पत्ता बनतो, तो बदलला की लोकांनी दिलेल्या लिंक तुटतात आणि फीड रीडरमध्ये तीच पोस्ट नवीन म्हणून पुन्हा येते. शीर्षकातली चूक फ्रंट मॅटरमध्ये सुधारा, नाव तसंच ठेवा. बदलावंच लागलं तर ह्यूगोमध्ये ‘एलियासेस’ (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेणारी सोय) आहे, जेकिलला रीडायरेक्टचं प्लगइन मिळतं. आणि नवीन रिलीजमुळे उदाहरण चालेनासं झालं तर गुपचूप कोड बदलण्यापेक्षा वरती तारीख टाकून एक ओळ लिहा की अमुक व्हर्जनपासून हे असं करायचं, आणि तेही नवीन पुल रिक्वेस्टनेच पाठवा.