उन्हाळी पाळ्या ठरवण्याआधी पंपाचं पाणी एकाच मापात आणा

उन्हाळी पिकांच्या पाण्याचं वेळापत्रक लावण्याचे हे दिवस. पण एकाच शेतात पाणी चार वेगवेगळ्या मापांत सांगितलं जातं. पंपाच्या पाटीवर लिटर प्रति सेकंद, फिल्टरवर घनमीटर प्रति तास, ड्रीपरवर लिटर प्रति तास आणि तुषार नोझलच्या माहितीपत्रकात लिटर प्रति मिनिट असतं. कालव्याचं पाणी क्युसेकमध्ये येतं. ही मापं एकमेकांशी जुळवल्याशिवाय व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवायचा हे ठरवणं म्हणजे निव्वळ अंदाज, आणि उन्हाळ्यात तो अंदाज पिकाला महाग पडतो.

लक्षात ठेवायचा मुख्य आकडा 3.6. लिटर प्रति सेकंदाला 3.6 ने गुणलं की घनमीटर प्रति तास मिळतात. एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर. त्यामुळे सेकंदाला 5 लिटर देणारा पंप मिनिटाला 300 लिटर आणि तासाला 18,000 लिटर, म्हणजेच 18 घनमीटर पाणी देतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28.3 लिटर, तासाला जवळजवळ 102 घनमीटर. एक क्युसेक पाणी तासभर चाललं तर एका एकरावर साधारण एक इंच थर बसेल इतकं पाणी येतं, पाटाचं पाणी घेणाऱ्यांना हा हिशेब तोंडी करता येतो. आकडे गॅलनमध्ये असतील तर आधी गॅलन कोणता ते पाहा. अमेरिकन गॅलन 3.785 लिटरचा, ब्रिटिश 4.546 लिटरचा. दोन्हींत वीस टक्क्यांचा फरक आहे.

‘दोन इंची पाणी’, ‘तीन इंची पाणी’ हे माप मात्र हिशेबातून काढून टाका. इंच हा पाइपचा व्यास झाला, त्यातून किती पाणी येतं हे वेगावर ठरतं. वेग तोच धरला तरी तीन इंची पाइपचं पाणी दोन इंचीच्या दीडपट नसतं, सव्वादोनपट असतं, कारण व्यास वाढला की तोंडाचं क्षेत्रफळ वर्गाने वाढतं.

पाटीवरच्या आकड्यावरही विसंबू नका. पंपाचा विसर्ग हेडप्रमाणे, म्हणजे पाणी किती उंच चढवावं लागतं त्याप्रमाणे, बदलतो. विहिरीची पातळी खाली गेली की तोच पंप कमी पाणी देतो, म्हणून हिवाळ्यात मोजलेला आकडा भर उन्हाळ्यात चालत नाही. पंप थोडा वेळ चालू राहून पातळी स्थिरावली की शेताच्या टोकाला, जिथे पाणी प्रत्यक्ष वापरायचं तिथेच, पिंप भरून वेळ मोजा. 200 लिटरचं पिंप 40 सेकंदांत भरलं तर विसर्ग सेकंदाला 5 लिटर. पिंपावर छापलेल्या आकड्याऐवजी आधी मापाने पाणी ओतून 200 लिटरची खूण करून घ्या, कारण काठोकाठ भरलं की त्यात जास्त मावतं. तीन वेळा मोजून सरासरी धरा. लहान बादली घेतली तर ती काही सेकंदांतच भरते आणि घड्याळ पाहण्यातली एका सेकंदाची चूकही मोठी होते.

पाटाचं पाणी मोजायला सरळ, सारख्या रुंदीचा दहा मीटरचा तुकडा निवडा. पाण्याचा थर 40 सेंटिमीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर खोल असेल तर आडवा छेद 0.06 चौरस मीटर होतो. लाकडाचा तुकडा दहा मीटर अंतर 25 सेकंदांत गेला तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला 0.4 मीटर. तळाशी आणि कडेला पाणी संथ असतं, म्हणून याला 0.85 ने गुणा. आलेल्या वेगाला आडव्या छेदाने गुणलं की येतात सेकंदाला सुमारे 20 लिटर, म्हणजे पाऊण क्युसेकला थोडे कमी. वारा असेल त्या वेळी हे मोजू नका.

ठिबकाचा हिशेब नीट करण्यासारखा आहे. एक एकर, लॅटरलमधलं (ड्रीपर बसवलेल्या नळ्यांमधलं) अंतर दीड मीटर, ड्रीपर 40 सेंटिमीटरवर, प्रत्येकी तासाला 4 लिटर. एकरात साधारण 6,745 ड्रीपर बसतात आणि त्यांना तासाला 27,000 लिटर लागतात, म्हणजे सेकंदाला साडेसात लिटर. 5 लिटरच्या पंपावर अख्खा एकर एकदम उघडला तर दाब पडतो, शेवटच्या ड्रीपरला पाणी कमी जातं आणि पिवळेपणा दिसला की दोष खताला दिला जातो. त्यापेक्षा अर्ध्या-अर्ध्या एकराचे दोन सेक्शन करा. प्रत्येकाला 13,500 लिटर पुरतात, उरलेलं बायपासने परत सोडा. पिकाची गरज दिवसाला 6 मिलिमीटर धरली तर एकराला 24,300 लिटर लागतात, कारण एकरावरचा एक मिलिमीटर थर म्हणजे सुमारे 4,050 लिटर. ठिबकची कार्यक्षमता 90 टक्के धरून 27,000 सोडावे लागतील. म्हणजे प्रत्येक सेक्शन एक तास, एकूण दोन तास.

आता पंपाचा विसर्ग सेकंदाला 3 लिटरवर आला असं समजा. तासाला 10,800 लिटरच मिळतात, अर्ध्या एकरालाही ते कमी पडतात. तेव्हा एकराचे तीन सेक्शन करून प्रत्येकाला तासभर द्या, एकूण तीन तास लागतील. विजेच्या पाळीत तेवढा वेळ मिळणार नसेल तर लागवडीचं क्षेत्र आताच, पीक उभं राहण्याआधी, कमी करणं शहाणपणाचं. दुसरा मार्ग म्हणजे आच्छादन करून बाष्पीभवनाने जाणारं पाणी वाचवणं.

मोजलेला विसर्ग, तारीख आणि विहिरीतली पातळी पंपघराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. दर पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा आणि आकडा बदलला की त्याच दिवशी व्हॉल्व्हच्या वेळा बदला.