आधी कोणती फाइल सुधारायची?

कोडच्या कॉम्प्लेक्सिटीचा (किचकटपणाचा) रिपोर्ट काढला की ढीगभर फंक्शन्स लाल दिसतात आणि सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. अशा वेळी रिपोर्टला गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलच्या) इतिहासाची जोड द्या.

१. गिट लॉगमधून गेल्या ६ महिन्यांत बदललेल्या फाइलींची फक्त नावं काढा. सॉर्ट करून कोणतं नाव किती वेळा आलं ते मोजा. लॉक फाइली (वापरलेल्या लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या) आणि आपोआप तयार होणारा कोड आधीच वगळा, नाहीतर यादीत त्याच सगळ्यात वर येतात. वरच्या २० फाइली पुरेत.

२. तेवढ्यांवरच लिझार्ड हे कॉम्प्लेक्सिटी मोजणारं टूल चालवा (पायथॉनसाठी रॅडॉनही चालेल). सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी (फंक्शनमधून जाणाऱ्या स्वतंत्र वाटांची संख्या) १० च्या वर असलेली फंक्शन्स बाजूला काढा.

३. दोन्हीकडे वर दिसणारी फाइल आधी हातात घ्या.

किचकट असली तरी वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली फाइल खुशाल तशीच राहू द्या. वेळ खाते ती रोज उघडावी लागणारी.

एक मात्र सांभाळा: फंक्शन तोडण्याआधी ते वाचा. २० केसचा साधा, सरळ स्विचही (अनेक पर्यायांतून एक निवडणारा कोड) आकड्यात भयंकर दिसतो. त्याचे तुकडे केले तर आकडा उतरतो, पण कोड वाचायला उलट अवघड होतो.