कोल्हापुरात संगणकांची एएमसी घेताना: पाहणी, दर, बॅकअप आणि वसुली

दोन-तीन जणांचा आयटी सर्व्हिसचा धंदा कोल्हापुरात तगतो तो एएमसीवर, म्हणजे संगणकांच्या वार्षिक देखभालीच्या करारावर. ॲप बनवायची कामं मधूनच येतात. गिऱ्हाइकं म्हणजे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेतल्या फौंड्र्या आणि मशीन शॉप, शाहू मार्केट यार्डातली गुळाची अडत दुकानं, गुजरीतले सराफ, हुपरीचे चांदीवाले, गांधीनगरचे कापडवाले. बहुतेकांकडे पाच-दहा मशीन, एक टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि ‘बंद पडलं की बघू’ असा कारभार. फोनवर ‘मशीनमागे इतके’ सांगून घेतलेली एएमसी अंगावर येते, म्हणून आधी जागेवर जा.

पाहणीला मल्टिमीटर न्या. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल तर आधी अर्थिंग बघायला लावा; नाहीतर एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) आणि मदरबोर्ड जात राहतील आणि मालक तुम्हालाच विचारेल. यूपीएसची तारीख बघा. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, ती दोन-तीन वर्षांत संपते. प्रत्येक मशीनचा प्रोसेसर, रॅम, डिस्क, लायसन्स लिहून काढा. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशी मशीन किती आहेत ते मालकाला पहिल्याच दिवशी लेखी द्या. क्रॅक मारलेल्या सॉफ्टवेअरची जबाबदारी घेऊ नका. गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

फौंड्रीत खरा शत्रू धूळ. मोल्डिंगची काळी वाळू आणि ग्राइंडिंगची लोखंडी भुकटी पंख्यातून आत जाते, बोर्डवर बसते आणि पावसाळ्यात दमट झाली की शॉर्ट करते. शॉप फ्लोअरवरचं मशीन शक्यतो केबिनमध्ये हलवा, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, दर पंधरवड्याला ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा मात्र वापरू नका, तिच्यात पाणी आणि तेल असतं.

एका शेडमधून दुसऱ्या शेडला कॅट-६ (तांब्याची नेटवर्क केबल) टाकलेली दिसली तर लांबी मोजा. १०० मीटरच्या पुढे ती भरवशाची नाही, आणि बाहेरून मोकळी गेलेली तांब्याची केबल वळवात विजेच्या झटक्याने दोन्ही टोकांचे स्विच पोर्ट जाळते. तिथे फायबर आणि ते स्विचला जोडायला दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर बसवा. एप्रिलच्या आधी बसवलं तर बरं.

दर तासांवर काढा. समजा, टेक्निशियनला महिना १८,००० देता. प्रवास आणि वाट बघणं वजा जाता कामाचे तास महिन्याला साधारण १३० मिळतात, म्हणजे तासाला सुमारे १४० रुपये. बारा मशीनच्या फौंड्रीला दोन ठरलेल्या भेटी आणि चार कॉल मिळून १६ तास धरले तर २,२४० होतात. पेट्रोल ६००, तुमचा स्वतःचा फोनवरचा आणि रिमोटचा वेळ १,०००. त्यावर तीस टक्के चढवले की महिना ५,०००, वर्षाला ६०,०००. जीएसटी नोंदणी असेल तर वर १८ टक्के. पार्ट, प्रिंटरचा टोनर-ड्रम, सीसीटीव्ही आणि टॅलीचं रिन्यूअल यात नाही, हे करारात एकेक नाव घेऊन लिहा. ‘सगळं धरून’ या दोन शब्दांनी वर्षभर रक्त आटतं.

बॅकअपवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. टॅली चालू असताना डेटा फोल्डर नुसतं कॉपी केलं तर फाइल अर्धवट येऊ शकते. टॅलीच्या मेनूतूनच बॅकअप घ्या. तीन प्रती ठेवा: मशीनवर, यूएसबी डिस्कवर, क्लाउडवर. डिस्क दोन घ्या आणि आलटून-पालटून लावा, कारण कायम लावलेली डिस्क रॅन्समवेअरमध्ये (डेटा लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) मूळ डेटाबरोबरच लॉक होते. ते बहुतेकदा शिरतं कुठून? मालकाला घरून टॅली बघता यावी म्हणून राउटरवर उघडलेल्या ३३८९ या रिमोट डेस्कटॉपच्या पोर्टमधून. तो बंद करा, व्हीपीएन (बाहेरून आत यायची सुरक्षित वाट) द्या. महिन्यातून एकदा रिस्टोअर करून बघा, पण वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये. मूळ फोल्डरवर रिस्टोअर केलं तर जुना डेटा चालू डेटावर चढतो आणि दिवाणजीची मधली सगळी एन्ट्री जाते.

संध्याकाळी माल भरून ट्रक उभा आणि ई-वे बिल (जीएसटीत माल पाठवताना लागणारं ऑनलाइन बिल) निघत नाही, हा कॉल येणारच. यात संगणकाचा दोष क्वचितच असतो. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल पोर्टलवर सगळ्यांनाच लॉगिनला ओटीपी लागतो, तो मालकाच्या मोबाइलवर जातो आणि मालक लग्नाला गेलेला असतो. डिस्पॅचच्या माणसाचं त्याच्या स्वतःच्या नंबरवर सब-यूजर (मालकाच्या खात्याखालचं वेगळं लॉगिन) आधीच काढून ठेवा. शिवाय इंटरनेट गेलं तर हॉटस्पॉट कसा लावायचा ते त्याच्याकडून एकदा करून घ्या.

पुराचं नियोजन जूनमध्येच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. शाहूपुरी, नागाळा पार्क अशा भागातल्या गिऱ्हाइकांशी आधीच ठरवा: ३९ ला सर्व्हर आणि यूपीएस वरच्या मजल्यावर, कोणी उचलायचे तेही नावानिशी. केबलींना लेबल लावलेली असतील तर परत जोडायला तासही लागत नाही. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता, पुण्याहून पार्ट येणं थांबलं. जुलैआधी चार एसएमपीएस, दोन एसएसडी, एक स्विच, एक राउटर दुकानात ठेवा.

शिकलेलं पोरगं पुण्याला जाणारच, तिथला पगार इथे देता येत नाही. म्हणून पासवर्ड त्याच्या डोक्यात राहू देऊ नका. प्रत्येक गिऱ्हाइकाची वही करा: नेटवर्कचा नकाशा, आयपी, लायसन्स, वॉरंटीच्या तारखा. पासवर्ड मात्र पासवर्ड मॅनेजरमध्ये. माणूस सोडून गेला की त्याच दिवशी सगळीकडचे बदला.

वसुलीसाठी बिल तिमाही आगाऊ काढा. उद्यम नोंदणी (सरकारकडची सूक्ष्म-लघु उद्योगाची नोंदणी) करून घ्या, ती मोफत आहे, आणि नंबर बिलावर छापा. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर पैसे देईपर्यंत गिऱ्हाइकाला तो खर्च आयकरात धरता येत नाही. मालकाशी वाद घालण्यापेक्षा मार्चच्या पहिल्या आठवड्यात थकबाकीचा उतारा त्याच्या सीएला पाठवा.